उंबराचे पाणी आणि आठ टक्के

आमच्या गावठाणांतून लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचे पाणी आणण्याची रीत आहे. पुढे बँडबाजा, मागे लुगडी नेसलेल्या, डोक्यावर घडे घेतलेल्या स्त्रिया आणि त्यांच्यामागे सारे गाव, अशी मिरवणूक विहिरीवर जाई. तेथे पाणी शेंदायचे, घरी आणायचे आणि त्याच पाण्याने नवरदेवाला वा नवरीला न्हाऊ घालायचे. विहीर कोणाच्या वाडीतली, तिच्यावर मालकी कोणाची, हा प्रश्न त्या संध्याकाळी कोणी विचारत नसे. लग्नघरासाठी साऱ्या गावाची विहीर खुली असे.

आज विहीर बहुतेक ठिकाणी राहिलेली नाही. कोठे ती बुजवून वर इमारत चढली, कोठे तिच्यावर स्लॅब घालून गाड्या उभ्या राहतात, कोठे तिची कचराकुंडी झाली. मिरवणूक मात्र अजून निघते. सोसायटीच्या टाकीला जोडलेल्या नळाखाली घडा धरून, किंवा अंगणात ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पिंपातून तांब्या बुडवून, आम्ही उंबराचे पाणी ‘आणतो’. बँड वाजतो, फोटो निघतात, आणि रीत पाळल्याचे समाधान मानून आम्ही जेवणाच्या पंगतीकडे वळतो. हे लिहिताना आम्ही कोणाला हसत नाही. त्या मिरवणुकीत आम्हीही नाचलो आहोत. परंतु पिंपातल्या त्या पाण्याला आता मीटर आहे, दर आहे, दरवाढ आहे, आणि त्या दरवाढीवरून अलीकडे आमच्या वस्तीत जी सभा झाली तिच्यामुळे आम्हांला हा लेख लिहिणे भाग पडले आहे.

प्रथम दरवाढीविषयी. मुंबई महानगरपालिकेने २०१२ साली असे धोरण स्वीकारले की, पाणीपुरवठ्याचा खर्च वाढेल त्या मानाने पाणीपट्टीचा दर प्रतिवर्षी वाढवावा, वाढीची मर्यादा आठ टक्के असावी, आणि हे काम आयुक्तांनी आपल्या अधिकारात करावे. नवा दर १६ जूनपासून लागू होतो. त्यानुसार २०२१ मध्ये ५.२९ टक्के आणि २०२२ मध्ये ७.१२ टक्के वाढ झाली. २०२३ मध्ये प्रस्तावित वाढ मुख्यमंत्र्यांच्या आदेशाने थांबवण्यात आली. पाणीपट्टीला मलनिःसारणाचा आकार टक्केवारीने जोडलेला असल्यामुळे एक चढले की दुसरेही आपोआप चढते.

आठ टक्के हा आकडा कानाला सौम्य वाटतो. परंतु चक्रवाढीचा हिशेब ज्यांनी शाळेत केला असेल त्यांना ठाऊक आहे की, दर वर्षी पूर्ण आठ टक्के वाढ झाली तर नऊ वर्षांत रक्कम दुप्पट होते. प्रत्यक्षात प्रत्येक वर्षी तेवढी वाढ झालेली नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करतो. तथापि दार उघडे ठेवले आहे, आणि त्या दाराशी पहारा करण्याचा नागरिकांचा हक्क काढून घेतला आहे, ही आमची पहिली तक्रार होय.

कारण पाहा. विजेचा दर वाढवायचा तर वीज कंपनीला नियामक आयोगापुढे जावे लागते. आयोग जाहीर सुनावणी घेतो. सामान्य ग्राहक तेथे उभा राहून आकडेवारीला आव्हान देऊ शकतो. धरणातील पाण्याचे ठोक दर ठरवण्यासाठी महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण नेमले आणि तेही लोकांची मते मागवते. मग जे पाणी आमच्या स्वयंपाकघरात येते, ज्यात आमची लेकरे न्हातात, त्याचा दर मात्र कोणत्याही सुनावणीवाचून का वाढावा? पूर्वी निदान सभागृहात नगरसेवक आरडाओरडा करीत. त्या आरडाओरड्यातून का होईना, वर्तमानपत्राला दोन ओळी मिळत. आपोआप वाढीच्या धोरणाने तो आवाजही बंद केला. त्यातच मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ मुंबईत निवडून आलेले सभागृहच नव्हते. २०२२ ची वाढ लागू झाली तेव्हा तिच्याविरुद्ध हात वर करायला एकही लोकप्रतिनिधी जागेवर नव्हता. २०२३ मध्ये एका आदेशासरशी वाढ थांबू शकली, यावरून एवढे तरी सिद्ध होते की ही वाढ म्हणजे भरती-ओहोटीसारखा निसर्गनियम नव्हे. ती माणसांनी घेतलेला निर्णय आहे, आणि माणसांच्या निर्णयाचा जाब माणसांना विचारता आला पाहिजे.

दुसरी तक्रार गळतीची. खर्च वाढतो म्हणून दर वाढवतो, असे सांगितले जाते. वीज महागली, रसायने महागली, भातसा धरणाचे पाणी राज्य शासनाकडून घ्यावे लागते, कर्मचाऱ्यांचे वेतन वाढले, ही कारणे खोटी नाहीत. परंतु मुंबईत शुद्ध करून सोडलेल्या पाण्यापैकी साधारण एक-तृतीयांश पाणी गळतीत, चोरीत आणि बेहिशेबात जाते, असा अंदाज वर्षानुवर्षे मांडला जातो. तीन घागरी भरायच्या, एक रस्त्यात सांडायची आणि तिचा खर्च उरलेल्या दोन घागरींच्या मालकांकडून वसूल करायचा, हा कोणत्या संसाराचा हिशेब झाला? घरची सून असे वागली असती तर सासूने काय म्हटले असते, ते वाचकांनीच ठरवावे.

येथवर आमचे म्हणणे आमच्या सभेतील वक्त्यांपेक्षा वेगळे नव्हते. आम्हीही त्या निवेदनावर सही केली होती. परंतु सभेच्या अखेरीस जे घडले त्याने आमची मान खाली गेली, आणि वाचकहो, या लेखाचा खरा विषय तेथून सुरू होतो.

सभागृहात मागच्या बाजूला, दाराशी, काही स्त्रिया उभ्या होत्या. आमच्या गावठाणाच्या पाठीमागे टेकडीच्या उतारावर जी वस्ती आहे, तेथे त्या राहतात. आमच्यापैकी कित्येकांच्या घरी धुणीभांडी त्याच करतात. दरवाढीच्या निषेधाचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाल्यावर त्यांपैकी एकजण पुढे आली आणि व्यासपीठावरील बाईंना म्हणाली, “आंटी, तुमचं बिल वाढलं म्हणून तुम्ही सभा घेतली, चांगलं केलं. आमच्याकडे बिलच येत नाही. आम्हांला पण बिल येईल असं काहीतरी करा ना.”

कोणीतरी हसले. कोणीतरी म्हणाले, “ही सभा त्यासाठी नाही.” कोणीतरी अधिक स्पष्टपणे म्हणाले की, अनधिकृत लोकांना पाणी दिले तर उद्या ते येथेच राहतील. मग आभारप्रदर्शन झाले आणि चहा आला. चहाचे कप नंतर धुतले त्याच स्त्रियांनी.

‘आम्हांला बिल हवे आहे.’ पाण्याच्या दरावर आम्ही आजवर जी भाषणे ऐकली, त्यांत इतके नेमके वाक्य आम्ही ऐकले नव्हते. त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा म्हणून आम्ही साधा हिशेब मांडतो. २०२२ च्या वाढीनंतर मुंबईत घरगुती इमारतींसाठी हजार लिटर पाण्याचा दर सुमारे ६ रुपये ३६ पैसे होता. अधिकृत झोपडपट्टीसाठी तो याहूनही कमी असतो. हजार लिटर म्हणजे पाच पिंपे. बाजारात एका लिटरच्या बाटलीला आम्ही कुरकुर न करता वीस रुपये मोजतो, हे ध्यानी घेता या दराला जुलूम म्हणणे आम्हांला तरी शोभत नाही. आता ज्या वस्तीला नळ नाही तेथील हिशेब पाहा. दोनशे लिटरच्या एका पिंपाला वीस रुपये जरी मोजावे लागले, तरी हजार लिटरला शंभर रुपये होतात. म्हणजे आमच्या पंधरापटीहून अधिक. उन्हाळ्यात पिंपाचा भाव कोठे जातो ते तेथील कोणत्याही बाईला विचारावे. शिवाय यात तिच्या पाठीवरून वाहून नेण्याची मजुरी धरलेली नाही. पहाटे चारला उठून रांगेत उभी राहिलेल्या मुलीच्या बुडालेल्या शाळेची किंमत धरलेली नाही. पाण्याच्या वेळेमुळे कामावर उशीर झाला म्हणून आमच्याच घरांतून कापलेला पगार धरलेला नाही.

तेव्हा शहरात पाण्याचा एकच दर आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. दर दोन आहेत. एक छापील, ज्यात पाच-सात टक्के वाढ झाली की आम्ही सभा बोलावतो. दुसरा तोंडी, जो टँकरवाला वा नळावर कबजा करून बसलेला दादा सांगेल तो. त्याला आठ टक्क्यांची मर्यादा नाही, १६ जूनची वाट पाहण्याचे बंधन नाही आणि मुख्यमंत्र्यांचा आदेशही त्याला स्थगिती देऊ शकत नाही. छापील दराबाहेर राहणे हीच शहरातील सर्वांत मोठी दरवाढ होय.

आमचे काही मित्र म्हणतील, कायदा तसाच आहे. त्याला आम्ही काय करणार? मित्रहो, कायदाही तसा नाही. मुंबईत कित्येक वर्षे ठरावीक तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना नळजोडणी नाकारली जात असे. पाण्याचे बिल हाती आले की तो वास्तव्याचा पुरावा होईल, ही त्यामागची भीती. पाणी हक्क समितीने या नियमाला न्यायालयात आव्हान दिले, आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की पाणी हा संविधानाच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग आहे. झोपडी अनधिकृत असली तरी तिच्यातील माणसाला पाणी नाकारता येणार नाही. त्या लोकांकडून अधिक दर घेण्याची मुभासुद्धा न्यायालयाने पालिकेला ठेवली. म्हणजे फुकट द्या, असे न्यायालयही म्हणाले नाही आणि ती स्त्रीही म्हणाली नव्हती. ती बिल मागत होती. मे २०२२ मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ असे धोरणही जाहीर केले. निर्णय आहे, धोरण आहे. तरी पिंपांच्या रांगा आहेत. अशा वेळी आमच्यासारख्या शिकलेल्या, निवेदने लिहिता येणाऱ्या, पालिकेच्या पायऱ्या ठाऊक असलेल्या शेजाऱ्यांनी चार अर्ज भरून दिले असते, तर बिघडले असते काय?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते तळे कायद्याने आधीच खुले झालेले असताना. हक्क कागदावर होता. ओंजळ पाण्यापर्यंत पोचू दिली जात नव्हती. आज जातीच्या जागी तारीख आली आहे, एवढाच फरक. अमुक तारखेपूर्वी आलास तर पाणी, नंतर आलास तर नाही. तहान मात्र तारीख विचारून लागत नाही.

आता दुसऱ्या एका युक्तिवादाचा समाचार घेतो, कारण तो विद्वानांच्या तोंडी असतो आणि म्हणून अधिक घातक ठरतो. ‘पाण्याला योग्य किंमत लावल्याशिवाय लोक ते जपणार नाहीत,’ असा हा युक्तिवाद. १९९२ च्या जानेवारीत डब्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पाण्याला आर्थिक मूल्य आहे आणि ते आर्थिक वस्तू मानावे, असे तत्त्व मांडले. तेव्हापासून जगभरच्या पाणीदरवाढीचे समर्थक त्या तत्त्वाचा दाखला देतात. परंतु त्याच तत्त्वाच्या स्पष्टीकरणात, सर्व माणसांना परवडणाऱ्या किमतीत स्वच्छ पाणी मिळण्याचा हक्क प्रथम मान्य केला पाहिजे, असेही म्हटले आहे. दाखला देणारे नेमका तेवढाच भाग गाळतात.

या अर्धवट दाखल्याचे फळ बोलिव्हियातील कोचाबांबा शहराने भोगले. १९९९ मध्ये तेथील सरकारने शहराचा पाणीपुरवठा चाळीस वर्षांसाठी परदेशी कंपन्यांच्या एका गटाच्या हाती दिला आणि त्यांना नफ्याची हमी दिली. जानेवारी २००० मध्ये वाढीव बिले आली. सरासरी वाढ एक-तृतीयांशाहून अधिक. कित्येक घरांचे बिल दुप्पट झाले. लोकांनी आपल्या श्रमाने खणलेल्या विहिरी आणि सहकाराने उभारलेल्या लहान पाणीयोजना यांवरही नव्या कायद्याची छाया पडली. कामगार, शेतकरी, गृहिणी रस्त्यावर उतरले. शहराचे आर्चबिशप तितो सोलारी यांनी मध्यस्थी केली. एप्रिल महिन्यात आणीबाणी जाहीर झाली, गोळीबार झाला आणि व्हिक्टर ह्यूगो दासा नावाचा सतरा वर्षांचा मुलगा मारला गेला. अखेरीस १० एप्रिल २००० रोजी करार रद्द झाला. पुढे याच बोलिव्हियाने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव मांडला, आणि २८ जुलै २०१० रोजी १२२ राष्ट्रांच्या मतांनी पाणी हा मानवी हक्क म्हणून मान्य झाला. ४१ राष्ट्रे तटस्थ राहिली. विरोधात एकही मत पडले नाही. भारताचे मत ठरावाच्या बाजूने होते. २०१५ च्या आपल्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनीही शुद्ध पाणी मिळणे हा माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले.

कोचाबांबाचा विजय आमच्या व्यासपीठांवरून कधीकधी सांगितला जातो, परंतु त्याचे उत्तरार्धातले दुःख सांगितले जात नाही. करार रद्द झाला, दर उतरले. पण शहराच्या दक्षिणेकडील गरीब वस्त्यांत नळ नव्हतेच, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे ते पोचले नाहीत. तेथील माणसे टँकरचे महाग पाणी विकत घेत राहिली. ज्यांच्या घरी नळ होता त्यांचे बिल कमी झाले. ज्यांच्या घरी नळ नव्हता त्यांनी आंदोलनात लाठ्या खाल्ल्या आणि पुन्हा पिंपे घेऊन रांगेत उभे राहिले. आमच्या सभेत दाराशी उभी राहिलेली स्त्री ही कोचाबांबाच्या दक्षिणेचीच म्हणावी लागेल.

आणि हे परदेशातच घडते असे नाही. २००६ मध्ये मुंबईच्या के-पूर्व विभागात, म्हणजे अंधेरी, जोगेश्वरी आणि विलेपार्ले यांच्या पूर्व भागात, जागतिक बँकेच्या साहाय्याने पाणीवाटपाच्या खासगीकरणाची चाचपणी झाली. मरोळ, चकाला, कोंडिवटे ही आमची जुनी गावे याच विभागात येतात. नागरिकांनी विरोध केला आणि तो बेत बारगळला. त्या वेळी इमारतीतले आणि वस्तीतले लोक एकाच बाजूला उभे होते. म्हणून तर ते जिंकले.

आता आमच्या स्वतःच्या अंगणात. हा भाग लिहिताना लेखणी अडखळते, परंतु टाळता येत नाही. वसईच्या हिरव्या पट्ट्यात केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या ज्या विहिरींवर आणि बावखलांवर जगल्या, त्यांचे गोडे पाणी टँकरने शहरांकडे आणि बांधकामांकडे वाहू लागले तेव्हा ते कोणी विकले? टँकर बाहेरचे होते हे खरे. पण विहिरी आमच्या होत्या. चार खेपांचे रोख पैसे हाती पडत, आणि शेजाऱ्याच्या विहिरीत पाणी खाऱ्या चवीचे येऊ लागले तरी आमची मोटार चालूच राही. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्याला थोपवून धरते; वरचे गोडे उपसले की खारे आत सरकते आणि मग ते सहजासहजी मागे हटत नाही. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या हरित वसई संरक्षण समितीने, फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, या उपशाविरुद्ध आणि बेबंद बांधकामाविरुद्ध लोकांना जागे केले. धमक्या सोसल्या. ते श्रेय त्यांचे आहे. परंतु त्यांना ज्यांच्याविरुद्ध बोलावे लागले त्यांत आमचेही काही आप्त होते, हे विसरून आज आम्ही महापालिकेच्या नावाने बोटे मोडणार असू, तर ते ढोंग ठरेल.

तसेच आम्ही पितो ते पाणी येते कोठून? तानसा, भातसा, मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी जलाशये शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत, आणि त्याच शहापूर तालुक्यातील गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जलवाहिनी त्यांच्या शेताच्या कडेने जाते. पाणी आत खळाळत असते आणि बाहेर आदिवासी स्त्री हंडा घेऊन मैल-मैल चालत असते. वसई-विरार आणि मीरा-भाईंदर यांना मिळणारे सूर्या प्रकल्पाचे पाणीही मुळात पालघर, डहाणू, विक्रमगड या भागांतील शेतीसाठी म्हणून अडवलेले होते. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांना आमच्या बिलात स्थान नाही. आमचा नळ इतका स्वस्त का आहे, याचे एक कारण असे की त्यांच्या त्यागाची किंमत कोणी आकारलेलीच नाही.

असो. केवळ टीका करून थांबणे हे लेखणीचे काम नव्हे. आमच्या मागण्या थोडक्या आहेत आणि त्यांत आम्ही आमचे स्वतःचे नावही घातले आहे.

पाण्याचा दर वाढवायचा असेल तर त्याआधी विभागवार जाहीर सुनावणी व्हावी, आणि किती पाणी आले, किती गळले, किती चोरीला गेले, किती वसूल झाले याचा ताळेबंद मराठीत, सामान्य माणसाला समजेल असा, छापून मिळावा. गळती कमी करण्याचे बांधून घेतलेले उद्दिष्ट पुरे झाल्याखेरीज वाढ नको. शहरातील प्रत्येक घराला, त्याची तारीख न विचारता, नळ, मीटर आणि बिल मिळावे. पहिल्या गरजेपुरते पाणी अत्यल्प दरात वा विनामूल्य आणि चैनीचे पाणी महाग, हे तत्त्व असावे. दक्षिण आफ्रिकेने २००१ पासून दर कुटुंबाला महिन्याला सहा हजार लिटर पाणी विनामूल्य देण्याचे धोरण स्वीकारले. तेव्हा ही कल्पना स्वप्नरंजन नव्हे. माणशी दररोज १५० लिटरपलीकडच्या वापराला चढता दर लावण्याची तरतूद मुंबईतही झाली. परंतु साऱ्या इमारतीला एकच मीटर असल्यामुळे गच्चीवरच्या बागेला पाइप लावणारा आणि एकटी राहणारी, दोन बादल्यांत दिवस काढणारी विधवा यांना भार मात्र सारखाच येतो. यासाठी महापालिकेच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक घराला स्वतंत्र मीटर बसवण्याचा ठराव आमच्या सोसायट्या पुढच्या रविवारीही करू शकतील. करतील काय?

विहिरींचेही तसेच. ज्या बुजल्या नाहीत त्यांचा गाळ काढावा, पावसाचे पाणी त्यांत सोडावे, आणि विहिरीचे पाणी विकणार नाही, अशी प्रतिज्ञा गावाने गावापुढे घ्यावी. शहापूरच्या पाड्यांना आधी पाणी आणि मग शहराला, या मागणीसाठी सह्यांची मोहीम निघाली तर तिच्यावर पहिली सही आमची असेल.

त्या सभेनंतर आमच्यातील काही मंडळी टेकडीवरच्या वस्तीत गेली. फार काही केले नाही. अर्जाचे नमुने आणले, ते भरून दिले, आणि विभाग कार्यालयाच्या खिडकीपाशी त्या स्त्रियांबरोबर रांगेत उभे राहिलो. पहिल्या खेपेस अर्ज परत आले. एक कागद कमी होता. दुसऱ्या खेपेस दुसरा कागद कमी निघाला. तिसऱ्या खेपेस पोचपावती मिळाली. नळ अजून आलेला नाही. येईल तेव्हा येईल. परंतु खिडकीमागच्या कारकुनाला आता त्या स्त्रियांची नावे ठाऊक झाली आहेत, आणि आम्हांलाही. इतकी वर्षे त्या आमच्या घरी येत असून आम्हांला त्यांची पूर्ण नावे ठाऊक नव्हती, ही गोष्ट आम्ही येथे लिहून ठेवतो.

येत्या लग्नसराईत आमच्या आळीतून पुन्हा उंबराच्या पाण्याची मिरवणूक निघेल. बँड वाजेल, घडे सजतील, म्हाताऱ्या बायका जुनी गाणी म्हणतील. आमची एक विनंती आहे. मिरवणूक सोसायटीच्या नळापाशी वळण्यापूर्वी टेकडीच्या पायथ्याशी, जेथे पिंपांची रांग लागते, तेथवर न्यावी. तेथे पाच मिनिटे बँड थांबवावा. आणि मग ज्याला घडा उचलावासा वाटेल त्याने तो कोणाच्या पिंपात रिकामा करून पुढे जावे.